वर्षाचे दोन शब्द

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, खोलीवरच्या मित्रांना नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट माहीत नाही.

मी भांडगावचा. घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. वर्गात वर्षा होती, शिरूरची. तिच्याही घरात कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. अ‍ॅरे, म्हणजे ओळीने मांडलेले आकडे — ते मला तिनेच शिकवले. बाकावर चिंचोके मांडायची, एक बोट डाव्या टोकाला, एक उजव्या, आणि दोन्ही एकमेकांकडे सरकवायची. कोड लिहिताना सगळे इंग्रजी नावं देत. ती 'डावा' आणि 'उजवा' लिहायची. सर हसले, तर म्हणाली, "बोटं माझी हायेत सर, नावं बी माझीच."

मला एकदम कळायचं नाही. मग तिची उत्तरं मी फोनमधल्या एआयला द्यायचो आणि त्याच्याकडून समजावून घ्यायचो. वर्षभर. यात काय वाईट होतं? तेव्हा — काहीच नव्हतं.

एकाच नोकरीसाठी आम्हा दोघांची मुलाखत ऑनलाइन होती. आमच्याकडे नेट तुटतं, म्हणून दोघांनी शिरूरच्या अभ्यासिकेत बसायचं ठरवलं. आधी मी, मग ती. लॅपटॉपमागे मी फोन उभा करून ठेवला होता, तोच एआय चालू करून — ऐकत राहणारा. भरदुपार. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी अ‍ॅरेचा प्रश्न विचारला, आणि त्यांचं बोलणं संपायच्या आत फोनवर ओळी उमटू लागल्या.

डावा. उजवा. खाली तिची नेहमीची टीपसुद्धा — आता दोघं भेटले.

उत्तर मला हवं होतं, पण तिचे शब्द मी मागितले नव्हते. भिंतीपलीकडे वर्षा कुणाशी तरी हसत होती, स्पष्ट ऐकू येत होतं. आणि इथे, काचेवर, तीच बोलत होती. दोन शब्द बदलता आले असते ना? पण मी वाचत गेलो — माझा आवाज मलाच परका वाटेपर्यंत.

मग ती आत गेली. प्रश्न तोच. तिने स्वतःच्या डोक्याने सोडवला.

तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. दोन्ही उत्तरं नावांसकट सारखी, मूळची कुणाची?

"माझी, मॅडम." एकदाही अडखळलो नाही. नोकरी मला लागली. तिला कळवलं गेलं — नक्कल.

एवढंच असतं, तर कदाचित कधीतरी कुणाला सांगितलं असतं.

महिन्याभराने ती शिरूरच्या एसटी स्टँडवर भेटली. शिव्या देईल वाटलं. ती हळू आवाजात म्हणाली, "लई इचार केला बघ. त्ये म्हणत्यात तुझं हाय, तू बी तेच सांगितलंस. मंग माझ्याच हातून तुझं उतरलं आसंल. मला आता आठवंनाच झालंय — ती नावं पहिल्यांदा कुणी दिली रं? तूच ना?"

टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

मी म्हणालो, "व्हय. मीच."