डाव्या कौलाचं फूल

मंडळी, हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. दुपारी बाबांना ऑपरेशनला आत नेलंय, अजून बाहेर आणलेलं नाही.

सकाळी मी आईवर चिडले होते. बाबा कालपासून अलिबागला ॲडमिट, डॉक्टर तिच्या सहीसाठी खोळंबलेले, गाडी दारात उभी. आणि हिला आधी गावदेवीला कौल लावायचा होता.

गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं लावली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आम्ही दोघी हात जोडून उभ्या राहिलो.

डावं पडलं.

आता ही सही करत नाही, असंच मला वाटलं. पण तिने ते पडलेलं फूल उचललं, पदराच्या गाठीत बांधलं आणि गाडीत जाऊन बसली.

काशीद मागे पडल्यावर मी विचारलं, "देवी नको म्हणाली ना? मग ऑपरेशन करायचं?"

"ऑपरेशनचं डॉक्टरला इचारायचं. मी देवीला इचारलं, माझा माणूस घरी येल ना."

तीच पुढे म्हणाली, "ती न्हाय म्हणाली म्हणून मी तिला सोडू व्हय? आता तर तीच पायजे."

तिने सही केली. आता शेजारी बसलीय, हात पदराच्या त्या गाठीवर.

मला तिच्यासारखं जमत नाही. मी मघापासून देवीला एकच सांगतेय, बाई, तुझा कौल खोटा ठरू दे.

अशी प्रार्थना चालते का हो?