डोमाजीनं फितीखालून काढलेली यादी

अकोल्याच्या एका कचेरीत डोमाजी रेकॉर्डखान्याचा दफ्तरी होता. काम म्हणाल तर गठ्ठे आणायचे, गठ्ठे न्यायचे आणि उरलेल्या वेळात धूळ खायची. पण बाबूंना नोंदवही चाळूनही न सापडणारी मिसल, म्हणजे एकेका प्रकरणाची बांधलेली कागदपत्रं, कुठं आहे, हे डोमाजी चालता चालता सांगे. अक्षरशत्रू होता तेव्हाही फितीच्या रंगावरून आणि कापडावरच्या डागांवरून तो मिसली ओळखायचा. छप्पन साली दीक्षा घेतली आणि चाळिशीच्या या गड्यानं लेकीच्या, शालूच्या, पाटीवर अक्षरं गिरवायला घेतली. पोरगी मोठी कडक मास्तरीण निघाली. दोन-तीन वर्षांत डोमाजी घडाघडा वाचू लागला. कचेरीत मात्र याचा कुणाला पत्ता नव्हता, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

आता तिथली रीत ऐका. प्रत्येक मिसल कोणी पाहावी, तिची नक्कल कोणाला द्यावी, याची एक यादी असे. जाड कागदाच्या पट्टीवर लिहून ती मिसलीच्या फितीखाली खोचलेली. मिसल उघडायला साहेबाचा हुकूम लागे, यादी बघायला मात्र कुणाचाच हुकूम लागत नसे. गठ्ठ्याच्या कापडावर आणखी एक यादी चिकटवलेली असे. ती कोणासाठी, तर ज्या मिसलीला स्वतःची पट्टी नाही तिच्यासाठी. इतका सरळ नियम. पण गाठी सोडायचा आळस, म्हणून बाबूलोक वरचीच यादी वाचून आलेल्या माणसाला वाटेला लावत. असे किती जण परत गेले असतील कोण जाणे!

बासष्ट सालच्या माघात मूर्तिजापूरकडची गंगूबाई सकाळच्या गाडीनं आली. वांगी-मेथीचा मळा करणारी बाई, नवरा शेषराव दोन वर्षांपूर्वी गेलेला. दीर चंद्रभान म्हणत होता, विहिरीच्या पाण्यात तुझी पाळीच नाही. दोघा भावांचा वाटणीचा कागद या कचेरीत होता आणि दुपारी दोनला तिथंच सुनावणी होती. नक्कल हाती आली नाही तर पाणी जाणार आणि पाण्याबरोबर मळाही.

शालिकराम बाबूंनी कापडावरच्या यादीवरून बोट फिरवलं. "बाई, याच्यात तुमचं नाव नाई. नक्कल भेटत नाई."

गंगूबाई जागची हलली नाही. गठ्ठा आणणारा डोमाजी तिथंच उभा होता. निळ्या फितीची ती मिसल त्याच्या चांगली ओळखीची होती, आणि तिच्या फितीखाली पट्टी होती.

"बाबूजी, हे गठ्ठ्याची यादी हाये. मिसलीची अलग हाये."

"तुह्यं काम गठ्ठा आनाचं. माह्यं मले करू दे."

"मिसल उघडत नाई जी. पट्टी काढतो फक्त. तेले हुकूम लागत नाई."

आणि शालिकराम नाही म्हणायच्या आत गाठ सुटली सुद्धा! एक मिसल, दुसरी, सहावी... निळी फीत दिसली. डोमाजीनं दोन बोटांनी पट्टी ओढली. बाबूंनी हात पुढं केला, पण डोमाजीला आता दम कुठला? त्यानं खणखणीत वाचायला सुरुवात केली.

"पाहण्यास, तहसीलदार व अर्जदार. नक्कल घेण्यास, अर्जदार शेषराव, भाऊ चंद्रभान," डोमाजीचा आवाज चढला, "आणि शेषरावची बायको गंगू, तिला केव्हाही."

सगळी कचेरी वळून बघायला लागली. शालिकराम बाबूंनी पुढं केलेला हात मागं घेतला.

"डोमाजी, तुले वाचता येते?"

"येते जी."

अशी मान ताठ करून त्या कचेरीत तो कधी उभा राहिला नव्हता. आनंदानं त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. शालिकराम माणूस आळशी, पण मनाचा खोटा नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली, साहेबाची सही आणली आणि स्वतःच्या हातानं नक्कल उतरवून दिली. विहिरीच्या चार पाळ्यांतल्या दोन शेषरावच्या, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

गंगूबाईनं नक्कल पदराखाली धरली, पण तिचा पाय निघेना.

"भाऊ, त्या पट्टीवर माहं नाव कोनं घातलं?"

"अर्ज देनाराच नावं सांगते, माय. शेषरावनंच घातलं."

बाई बाकावर टेकली. "मले त जनमभर कागदाले हात लावू देल्ला नाई त्यायनं. मी म्हनो, आपली काई गिनतीच नाई." तिनं डोळे पुसले. "अजून एक डाव वाच ना, भाऊ."

पावणेदोन वाजले होते. डोमाजीनं पट्टी पुन्हा उजेडात धरली आणि तिच्या नावाची तेवढी ओळ सावकाश वाचली.