रिकामा काटा

"वसतिगृहात फुकटचं मिळतं म्हणून पोट फुटेस्तोवर खाता तुम्ही लोक."

खेळाचे सर हे माझ्या तोंडावर बोलले. सेनगावच्या शाळेत, संध्याकाळचा सराव झाल्यावर. मी वजनकाट्यावर उभी होते. अनवाणी, घामाघूम. भोवती संघातल्या अकरा पोरी. सुई सत्तावन्नच्या जराशी अलीकडे. जिल्ह्याच्या कबड्डी स्पर्धेला पंचावन्न किलोची मर्यादा होती. शाळेत माझ्यासारखी चढाई करणारी दुसरी पोरगी नव्हती, हे सरांनाही ठाऊक होतं. तरी ते माझ्या ताटावरून बोलले. आणि 'तू' नाही, 'तुम्ही लोक' म्हणाले. संघात बौद्धवाड्यातून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या आम्ही दोघीच. दुसरीने मान खाली घातली. बाकीच्या हसल्या.

माझ्या जागेसाठी दुसरी पोरगी तयारच होती, संस्थाचालकांची पुतणी. ती काट्यावर चढलीच नाही. घरून चिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठीत चोपन्न. सरांनी तेवढं वहीत लिहून घेतलं. मला म्हणाले, पुढच्या शनिवारपर्यंत उतरव, नाहीतर घरी बस.

मी जेवण तोडलं. वाढणाऱ्या मावशींनी दुसरी पोळी पुढे केली की ती मला चोरीची वाटायची. भर दुपारी रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या मारायचे. घाम गळाला की वजन गळालं, एवढंच मला कळत होतं. चौथ्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली. नळाला तोंड लावून ढसाढसा पाणी प्यायले आणि तशीच ओल्या कपड्यांनी काट्यावर उभी राहिले. सुई सत्तावन्नच्या पुढे गेली.

"हिचं तर वाढतच चाललंय. चोरून खातेस का गं?" सरांनी विचारलं.

खोटं कशाला सांगू, मला स्वतःवरच संशय आला. रात्री झोपेत उठून मीच काही खात असेन का, असंही मनात आलं. त्या माणसाने मला चोर म्हटलं आणि चार दिवस उपाशी असूनही मी ते मान्य केलं. त्याची लाज आजही वाटते.

रविवारी घरी गेले. बाबा बाजार समितीत मापाडी. सोयाबीनचं, तुरीचं माप करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. वाटलं होतं, ते माझ्या बाजूने बोलतील. ते म्हणाले, "काट्यानं दाखवलं म्हंजे असंलच की." मापाडी माणूस. त्याने लेकीपेक्षा काट्यावर विश्वास ठेवला. मी जेवले नाही. पाणीही न पिता तशीच झोपले.

मी उपाशी झोपलेलं त्यांना पाहवलं नसावं. सकाळी मला उठवून बाजारात घेऊन गेले. अजून व्यापारी आले नव्हते. बाबांनी आधी काटा फरशीवर सारखा करून घेतला. रिकामा काटा शून्यावर आहे ना, ते पाहिलं. मग त्यावर वीस किलोचं छाप मारलेलं लोखंडी वजन ठेवलं. बरोबर वीस भरलं. रोज पहिलं पोतं चढवायच्या आधी ते एवढं करतात. मग मला उभं केलं. चोपन्न किलो शंभर ग्रॅम. त्यांनी एक लिटर पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, सगळी प्यायला लावली आणि पुन्हा उभं केलं. पंचावन्न शंभर.

बाबांनी रिकामी बाटली माझ्या हातातून परत घेतली.

"सरानं रिकामा काटा पाह्यला व्हता का, बाई?"

"न्हाई, बाबा. कुणीच न्हाई."

मी ते लोखंडी वजन शाळेत न्यायला मागितलं. त्यांनी नको म्हटलं. सर नाव काटतील, शिक्षण बुडेल, आपल्या पाठीशी कोण आहे, असं बरंच बोलले. ते खरंच होतं. पण शनिवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी जीप थांबली आणि बाबा पोतं खांद्यावर घेऊन उतरले. पोत्यात वजन होतं. आत यायला घाबरले. पोतं माझ्या पायाशी ठेवून बाहेरच उभे राहिले.

मी ते दोन्ही हातांनी ओढत नेलं. सर म्हणाले, चढ काट्यावर.

"सर, आधी रिकामा काटा दाखवा."

"तू मला शिकवणार?"

मी खाली वाकले. वर कोणी नसताना सुई दोनवर उभी होती. मी वजन ठेवलं. बावीस. यावेळी कोणी हसलं नाही. मग मी चढले. छप्पन्न. दोन वजा करायचं गणित पोरींनीच केलं. मी म्हटलं, आता हिलाही चढवा. पुतणी सरांकडे बघायला लागली. सरांनी काटा भिंतीकडे सरकवला. म्हणाले, यादी कालच गेली, आता काही होत नाही.

म्हणजे शनिवारची मुदतही खोटीच होती. पुतणी स्पर्धेला गेली. मी नाही गेले.

आज मी कळमनुरीच्या एका शाळेत पोरींना कबड्डी शिकवते. बाबांचं ते वजन माझ्या काट्याशेजारी असतं. वजन सकाळीच करायचं, पोटात काही जायच्या आधी, कोरड्या कपड्यांत. रिकामा काटा पोरीने स्वतः पाहायचा, मगच पाय ठेवायचा. चिठ्ठी मी कोणाचीही घेत नाही.

गेल्या महिन्यात संस्थेतले एक साहेब वजन करताना येऊन उभे राहिले. वसतिगृहातल्या एका पोरीकडे बघून हसले. म्हणाले, यांना खायला बरं मिळतंय. मी सगळ्यांदेखत त्यांना मैदानाबाहेर जायला सांगितलं. माझ्या नोकरीचं काय होईल, माहीत नाही. ते परत आले तर मी पुन्हा बाहेर काढणार.