वळणावरचा आवाज

विट्याहून आष्ट्याला येताना एका अनोळखी बाईंना गाडीत घेतलं. रस्त्याऐवजी त्या माझ्या हातांकडंच बघत होत्या. प्रत्येक वळणावर स्टेअरिंग जड व्हायचं आणि बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज यायचा.

“आवं, थांबवा गाडी,” त्या एकदम ओरडल्या.

मला वाटलं, मळमळत असेल. पण त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि पदरानं धरून एक छोटं झाकण फिरवलं. पॉवर स्टेअरिंगच्या ऑइलची टाकी कोरडी ठणठणीत!

“आवाज जुनाच आहे हो. उद्या दाखवतो मेकॅनिकला,” मी हसून म्हणालो.

“आमचं मालक बी असंच म्हणलं हुतं. घाटात गाडी वळलीच न्हाई.”

मी गाडीची किल्ली काढून घेतली. त्यांनी झाकण नीट घट्ट बसवलं आणि उरलेली वाट पायी चालू लागल्या.