साडूंची न घासलेली टाकी

माणसांपेक्षा जंतूंवर जास्त विश्वास टाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. ऐंशीच्या दशकात मी पांढुर्ण्याच्या शाळेत 'जंतू म्हणजे रोग' असं फळ्यावर लिहून देत होतो, तेव्हा हे गृहस्थ सौंसरला मासळी खात्यात बसून जंतूंची वकिली करत होते. कोणाकडे गेले की आधी दह्याचं भांडं बघायला मागत. तापातून उठलेल्या माणसाकडे लोक संत्री नेतात, हे ताकाची चरवी नेत. रामाकोन्याच्या एका म्हाताऱ्याने "मले ताक सोसत नाही बापा" म्हणून तोंड फिरवलं, तर हे त्याच्या खाटेशीच बसून राहिले. "गोळ्याइनं चांगले जंतूही मेले असन ना! त्याइची जागा भरा लागते, नाही तं गुंडं येऊन बसतात." शेवटी म्हातारा ताक प्यायला. ताकाच्या गुणाने नव्हे, हे उठून जावेत म्हणून.

त्यांच्याकडे झिंग्यांची पिल्लं काढायचा सरकारी प्रयोग होता. झिंगा गोड्या पाण्यातला असला तरी त्याच्या पिल्लांना खारट पाणी लागतं, म्हणून समुद्राचं पाणी कॅनमधून आगगाडीने यायचं. पिल्लं जेमतेम दिसायची आणि शेपटी वर करून उलटी पोहायची. साडू त्यांच्याशी गप्पा मारत. पण दोन खेपा पांढऱ्या पडून तळाला गेल्या, आणि मोठ्या साहेबांनी कळवलं की तिसरीही मेली तर काम बंद. साडूंच्या लक्षात आलं, दोन्ही वेळा टाकी घासून लखलखीत केलेली होती. म्हणून पुढच्या खेपेसाठी त्यांनी दुसऱ्या टाकीत निरोगी झिंग्यांच्या टाक्यातलं लोटाभर पाणी घातलं आणि ती तीन आठवडे तशीच ठेवली. "विरजण लावून ठेवलं गुरुजी. चांगल्यानं जागा धरली का वाईट शिरत नाही." हे त्यांनी मला नीट सांगितलं होतं. पण त्यांच्या बोलण्याला नुसतं हो हो म्हणायची मला सवय झाली होती.

साहेब यायच्या आठवड्यात, रविवारी, मी मदतीला म्हणून सौंसरला गेलो. साडू कॅन आणायला तिगाव स्टेशनवर गेलेले. त्या विरजण लावलेल्या टाकीच्या भिंतीवर बुळबुळीत हिरवट थर बघून माझ्यातला मास्तर जागा झाला. शाळेत साहेब येणार म्हटलं की आम्ही संडाससुद्धा चुन्याने रंगवतो! मी टाकी रिकामी केली, ब्लीचिंग पावडर टाकून घासली, चारदा धुतली. साडूंनी येऊन टाकीच्या भिंतीवरून बोट फिरवून बघितलं. जुन्या टाकीत तिसऱ्या खेपेच्या पिल्लांची दाटी झालेली, थांबायला वेळ नव्हता. "चकाचक करून टाकली गुरुजी तुम्ही," एवढंच म्हणाले आणि नवं पाणी भरून पिल्लं तिच्यात सोडली.

साहेब आले त्या सकाळी सगळी खेप पांढरी होऊन तळाशी पडली होती.

"टाकी तर छान स्वच्छ दिसते. मग काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"स्वच्छ केली म्हणूनच गेले साहेब. टाकी मीच धुतली. चुकी माझीच हाये," साडू म्हणाले.

साहेब हसले. स्वच्छतेला दोष देणारा कर्मचारी त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यांनी तिथल्या तिथे काम बंद केल्याचं लिहिलं. मी दोन पावलांवर उभा होतो. बोललो नाही. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

जीप गेल्यावर ताईंनी, म्हणजे साडूंच्या बायकोने, चहा आणला. साडूंनी पहिला कप माझ्यापुढे सरकवला.

"चहा घ्या गुरुजी. पण घासली मात्र मन लावून हो तुम्ही!"

त्यात टोमणा नव्हता, हेच मला सोसेना. पुढे त्यांची कचेरीत बदली झाली, फायलींमध्ये. तिथेही ते लोकांना ताक पाजत राहिले. प्रयोगाचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. तो त्यांनीच कधी निघू दिला नाही. साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. 'चुकलो' एवढंच मला त्यांना म्हणायचं होतं. ते राहून गेलं.