फळ्यावरून उतरवलेलं पत्र

गुरुवारी दुपारी शांताचे वडील वसतिगृहाच्या फाटकाशी आले. शनिवारी सकाळी शांता गेली.

अशा गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं, तर मी मुकाट्याने ऐकलं असतं आणि मनात म्हटलं असतं — बाईंचा काहीतरी घोटाळा होतोय... म्हणून घडलं तेवढंच लिहिते.

साल १९७१. नागपुरात सदर भागात, खेड्यांतल्या मुलींचं वसतिगृह. मी अकरावीत, शांता पाचवीत. तिची खाट माझ्या शेजारी. दर रविवारी आम्ही घरी कार्ड लिहायचो. मजकूर रेक्टरबाई फळ्यावर लिहून देत — 'मी मजेत आहे. अभ्यास चांगला चालला आहे. काळजी करू नये.' बाई वाईट नव्हत्या. रडकं पत्र गेलं की बाप येऊन मुलीला घेऊन जाई, आणि तिची शाळा कायमची सुटे. हे त्यांनी पाहिलं होतं.

त्या रविवारी शांताला ताप होता. पेन धरवेना, म्हणून तिचं कार्ड मी लिहायला घेतलं. खोलीत आम्ही दोघीच.

"मजेत काहून लिवतं वं ताई? लिव नं — बाबा, मले घ्याले या."

"बाई वाचते नं सगळं."

"मंग डाळीचं तरी लिव. डाळ शोधाले वाटीत डुबकी मारा लागते म्हना."

दोघी हसलो. मी फळ्यावरच्या तीन ओळी उतरवल्या आणि कार्ड बाईंकडे दिलं.

गुरुवारी वडील आले, तेव्हा मीही ऑफिसात होते.

"आज भेटीचा दिवस नाही," बाई म्हणाल्या.

"पोरीनं बलावलं, बाई. मले वाचता येत नाई, पोस्टमननं वाचलं. दोनदा वाचाले लावलं त्याले. बाबा, मले घ्याले या, म्हने. अन् डाळीत डुबकी मारा लागते म्हने..." ते हसले. "तिचंच बोलनं हाय थे."

त्यांनी टोपीतून कार्ड काढलं. माझं अक्षर. तीन ओळी. खाली कोरं.

बाईंनी खोलीत जाऊन शांताच्या कपाळाला हात लावला. रिक्षा बोलावली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. शांता गेली तेव्हा तिचं डोकं वडिलांच्या मांडीवर होतं.

उन्हाळ्यात मी तिच्या गावी गेले, पोस्टमनला विचारलं. तो चिडलाच — "लिवलं होतं थेच वाचलं, ताई. मजेत असती तं तिच्या बापाले काहून धाडलं असतं?"

निघताना वडिलांनी कार्ड माझ्या हातात दिलं. "तू ठेव, बाई. तुले वाचता येते."

पुढे मीही एका वसतिगृहाची रेक्टर झाले. तिथे रविवारी फळा कोराच असे, आणि मुलींची पत्रं बंद पाकिटात जात. पण त्या पोस्टमनने काय वाचलं, ते मला आजही कळलेलं नाही.

कार्ड माझ्याकडे आहे. त्यावर तीन ओळी आहेत. अक्षर माझं आहे.