नाक कुणाचं, कान कुणाचे

बाळ कुणाच्या वळणावर गेलंय हे एका नजरेत सांगावं ते आमच्या वळणकाकूंनीच. लखनौतल्या मराठी घरांत मूल जन्मलं की नाव सावकाश ठरायचं. आधी विकास नगरला काकूंकडे नेऊन नाकाचा निकाल घ्यायचा. आजीआजोबा राहिले तिकडे नागपूर-साताऱ्याला. पण इथे येऊन गेलेल्या प्रत्येक व्याह्याला काकूंनी जेवू घातलेलं, त्यामुळे सगळे चेहरे त्यांना पाठ. "नाक आजोबांचं, हनुवटी आत्याची. आणि कपाळावरची आठी कुणाची ते सांगत नाही, त्या इथेच बसल्यात!"

सत्तरी ओलांडली आणि काकू बाजारात ओळख न देता जाऊ लागल्या. नमस्कार केला तरी ढिम्म. मुलाने गोमती नगरच्या बड्या वस्तीत फ्लॅट घेतल्यापासून काकूंना शिंगं फुटली, असं लोक म्हणू लागले.

मग एका बारशात काकू कौतुकाने म्हणाल्या, "वा, नाक अगदी बापाचं!" बाळ आईच्या खांद्यात तोंड खुपसून झोपलं होतं. एक कॉलेजातली मुलगी खिदळली, "काकू, उसका मुँह तो उधर है!" सगळे हसले. काकूही हसल्या, पण त्यानंतर कुठल्या बारशाला गेल्या नाहीत.

वयोमानाने काकूंच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग झिजला होता. गेलेली नजर परत येणार नाही, कडेची तेवढी राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं. "मोतीबिंदू असता तर काढून तरी टाकला असता," काकू मला म्हणाल्या. "तुझे कान दिसतात, केस दिसतात. मधे तोंडाच्या जागी नुसता धूर." मान वळवून तिरकं बघत त्या बोलायच्या आणि वर स्वतःच विचारायच्या, "कोंबडीसारखी बघते ना गं मी?" पेपर सुटला, पोथी सुटली, सून गॅसपाशी जाऊ देईना. त्याचं दुःख होतंच. पण म्हणायच्या, "पोथी कुणीही वाचून दाखवेल. तोंडं कोण वाचून दाखवणार?"

माझी लेक जन्मली तेव्हा आईला जाऊन वर्ष झालं होतं. आईला तरुणपणी पाहिलेलं लखनौत आता काकूंशिवाय कुणी उरलं नव्हतं. रेल्वे कॉलनीत दोघींचा शेजार होता. लेकीत आईचं काही उतरलंय का, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. तेलीबागहून अख्खं शहर ओलांडून मी तिला घेऊन गेले.

काकूंनी तिला मांडीवर घेतलं, मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं. "कान तुझे."

"आणि नाक?" विचारलं आणि मी जीभ चावली.

काकूंचे डोळे भरले. "एकदा खोटं सांगून बघितलं गं. आता तू सांग, मी ऐकते."

मी सांगू लागले. कपाळ रुंद, नाकाचा शेंडा जरा वर, ओठ पातळ. काकू नुसत्या हं हं करत होत्या. तेवढ्यात लेक कुरकुरली. मी म्हटलं, "आता रडणार बघा. आधी खालचा ओठ मुडपते, मग डावी भुवई वर जाते."

"डावीच?"

"डावीच."

काकूंनी चाचपत तिच्या भुवईवर बोट ठेवलं. "अगं, ही तर कुमुद! लग्न होऊन इथे आली तेव्हा माहेरच्या आठवणीने माझ्या स्वयंपाकघरात अशीच रडायची."

मी आईला कधी रडताना पाहिलंच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. लेक रडायला लागली की मी अजूनही तिला लगेच उचलत नाही. क्षणभर आईला बघून घेते.